चार दिवसांचं तिकीट, पाचवा दिवस आणि तात्यांचा अंगठा

माझं दुकान देवगडात, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड, कोकण रेल्वेचं तत्काळ, गणपतीत चाकरमान्यांची परतीची तिकिटं, असलं सगळं चालतं. अमेरिकेतल्या डिस्ने वर्ल्डची तिकिटं काढणं हा काय आपला धंदा नाही. आयुष्यात एकदाच काढली, ती पण २०२४ साली आमच्या तात्यांच्या घरासाठी, आणि त्यात दोन चुका मी स्वतः केल्या, एक होता होता राहिली, आणि एक निर्णय पहाटे साडेचारला अंथरुणात बसून दिला. नंतर गावातल्या तीन-चार जणांनी विचारलं की आमची पण लेक तिकडे असते, आम्ही पण जाणार, कसं काय ते सांग. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा सुकला म्हणून एकदाच पूर्ण प्रकरण लिहून ठेवतोय.

मंडळी अशी. तात्या, वय ६८, हापूसची बाग, आयुष्यात मुंबईच्या पलीकडे गेले ते एकदा काशीला. काकी ६३. त्यांचा मुलगा भाऊ, माझ्याच वर्गातला. वहिनी. नातू बाबू आणि नात चिंगी, चिंगी प्रवासाच्या वेळी अडीच वर्षांची. लेक म्हणजे ताई, न्यू जर्सीला असते, तिचं कुटुंब तिकडून येणार आणि सगळ्यांनी मिळून फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ किसिमीला एक घर भाड्याने घ्यायचं असं ठरलेलं. ताईच्या घरची तिकिटं ती बघणार, इकडच्या सहा जणांची इकडून.

तारखा ठरवायला वेळ लागला नाही. मार्च ते मे आंबा, घरचं कोण हलणार नाही. जूनमध्ये शाळा. गणपतीत तर प्रश्नच नाही. उरला दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, आणि नशिबाने तोच बरा निघाला, कारण अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्या आठवड्यात तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, पण त्याच्या आधीचा दुसरा आठवडा त्या मानाने सुटसुटीत.

जुलैमध्ये, पाऊस धो धो, तात्या छत्री झटकत दुकानात आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. मुंबईच्या कुठल्यातरी एजंटाचं कोटेशन. सहा माणसं, सहा दिवस, पार्क हॉपर, वॉटर पार्क, सगळं धरून एकच आकडा, खाली फोड नाही काही नाही. वर तोंडी सांगितलेलं की काका एवढ्या लांब जाताय तर सगळं करूनच या.

"बघ रे जरा, ह्या बरोबर हा काय? माका काय ता समाजला नाय."

मला पण नव्हतं समजलं. पण एक गोष्ट पहिल्याच नजरेत खटकली, ती म्हणजे सहा माणसं. चिंगीला कशाला तिकीट? मग संध्याकाळी बसून डिस्नेच्याच साइटवर वाचलं. तीन वर्षांच्या आतलं मूल फुकट, तीन ते नऊ मुलाचं तिकीट, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. म्हणजे चिंगीचं एक अख्खं सहा दिवसांचं तिकीट त्या कागदात उगाच घुसवलेलं. मुद्दाम की चुकून ते देव जाणे, पण फोड न देता नुसता आकडा देणाऱ्याकडून मी तर काय घेणार नाही, मग तो माझा मावसभाऊ असला तरी.

आता हे सगळं आहे काय ते थोडक्यात, कारण आमच्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात थीम पार्क म्हणजे खोपोलीचं इमॅजिका नाहीतर लहानपणी बोटीत बसून गेलेलो ते गोराईचं एस्सेल वर्ल्ड, एका गेटमधून आत, संध्याकाळी बाहेर, खेळ खलास. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड तसं नाही, तिथे चार वेगळी पार्कं आहेत, एकमेकांपासून गाडीने जायच्या अंतरावर. मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं, अॅनिमल किंगडम १९९८ चं. शिवाय दोन वॉटर पार्क. साधं तिकीट म्हणजे एका दिवसात एकच पार्क, बाहेर येऊन परत आत गेलात तर चालतं पण त्याच पार्कात. पार्क हॉपर जोडलं की एका दिवसात हव्या तितक्या पार्कांत जाता येतं. कुठल्या दिवशी कुठलं पार्क हे तिकिटावर लिहिलेलं नसतं, तुम्ही ज्या गेटवर स्कॅन कराल ते त्या दिवसाचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं फिरलं.

तात्यांना हॉपर समजावलं तर म्हणाले, "एका दिसात एक देव पुरे. धावत धावत चार देवळां केली तर कोणच पावणा नाय." झालं, हॉपर कटाप.

दराचं समजवायला मला वाटलं अर्धा तास लागेल. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे तारखेप्रमाणे दर आहे, कुठल्या दिवसापासून जाणार त्यावर तिकीट महाग-स्वस्त. २०२४ मध्ये एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट १०९ डॉलरपासून १८९ डॉलरपर्यंत कुठेही असायचं, टॅक्स वेगळा. तात्या लगेच म्हणाले, "म्हणजे ह्या आमच्या आंब्यासारख्याच झाला म्हण. पयल्या पेटीचो दर आणि मे अखेरीचो दर." अगदी तेच. आणि दुसरी गोष्ट पण तशीच, डझनावर घेतलंत तर एक दर, पाच पेट्या उचलल्यात तर वेगळा. पहिले दोन-तीन दिवस महाग, मग जसजसे दिवस वाढवाल तसा वरच्या दिवसाचा दर उतरत जातो, पाचवा-सहावा दिवस पहिल्याच्या मानाने किरकोळीत.

यावर भाऊने बरोबर पकडलं मला. म्हणाला अरे वरचे दिवस जर एवढे स्वस्त आहेत तर मग सहा दिवसांचंच घेऊया ना, एजंट काय चुकीचं सांगत होता?

ह्याच प्रश्नावर प्रकरण उभं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. तिकडचं तिकीट वर चढतं, खाली उतरत नाही. चारचं पाच करता येतं, साध्याचं हॉपर करता येतं, मुलाचं मोठ्यांचं करता येतं, फक्त वरचा फरक आणि त्याच्यावरचा टॅक्स भरायचा, आधी भरलेले पैसे नव्या तिकिटात वळते होतात. पण पाचचं चार करून पैसे परत द्या म्हणालात तर मिळत नाहीत. हॉपर वापरलं नाही, परत घ्या, नाही. म्हणजे कमी घेतलंत तर चूक सुधारता येते, जास्त घेतलंत तर ती तुमच्याच पदरात. आणि सत्तरीला आलेली माणसं, दोन विमानं बदलून, साडेदहा तासांचा वेळेचा फरक डोक्यात घेऊन, रोज दहा-बारा किलोमीटर चालणार, ती सहा दिवस पार्कात जातील हे त्या एजंटाला कोणी सांगितलं? शिमग्यात पालखीबरोबर सलग तीन दिवस फिरलेला माणूस चौथ्या दिवशी काय अवस्थेत असतो ते आपल्याला माहीत आहे.

फक्त वर चढवायचं ते तिकीट जिवंत असताना. दिवस जोडायचे तर तिकिटाची मुदत चालू असताना, आणि मी म्हणेन शेवटचा दिवस वापरत असाल तर त्याच दिवशी पार्कातून निघायच्या आत. एकदा सगळे दिवस संपवून घरी येऊन झोपलात आणि सकाळी वाटलं अजून एक दिवस हवा, तर मग पाचवा दिवस किरकोळीत वगैरे विसरा, परत पहिल्या पेटीचा दर.

मुदतीचं पण सांगतो. चार दिवसांचं तिकीट म्हणजे लागोपाठ चार दिवस नाही. सुरू केल्याच्या तारखेपासून सात दिवसांत कुठलेही चार. पाच दिवसांचं असेल तर आठ दिवसांत कुठलेही पाच. म्हणजे मध्ये आराम करायला जागा असते. एजंटाच्या कागदात हे कुठेच नव्हतं, आणि तात्या समजून बसले होते की सहा दिवस म्हणजे सोमवार ते शनिवार रोज हजेरी.

मग असं ठरलं की पाच जणांची चार दिवसांची साधी तिकिटं, थेट डिस्नेच्या साइटवरून, चिंगी फुकट.

याच दरम्यान ताईच्या ओळखीतलं कोणीतरी मध्ये पडलं. त्यांचं कुटुंब जाऊन आलेलं, सात दिवसांच्या तिकिटातले दोन दोन दिवस शिल्लक, मुदत जायच्या आत कोणी येत असेल तर निम्म्या पैशात देतो म्हणे. आमच्या तारखा जुळत नव्हत्याच पण काकींना ते फार पटलं होतं, वाया कशाला घालवायचं, एसटीचा पास पण आपण देतोच की एकमेकांना. (तो पण देऊ नये, असो.) पण तिथे गेटवर तिकिटाबरोबर बोट स्कॅन होतं, पहिल्या दिवशी ज्याचं बोट त्याचंच तिकीट शेवटपर्यंत. आणि नुसता पार्काचा नियम नाही, एकदा वापरलेलं बहुदिवसीय तिकीट दुसऱ्याला विकणं फ्लोरिडाच्या कायद्यात गुन्हा आहे. रस्त्याकडेला कोणी स्वस्तात देतो म्हणाला, व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलं, तर हात जोडून पुढे जायचं.

तिकिटं काढायची रात्र. ऑगस्ट, तात्यांच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, कातळावर गेल्याशिवाय ओटीपी येत नाही, म्हणून भाऊ कार्ड घेऊन माझ्या दुकानात. कार्ड पहिल्यांदा चाललंच नाही. कारण साधं, मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त भारतातल्या व्यवहारासाठी चालू असतात, परदेशी आणि ऑनलाइन वापर आपण बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करायचा असतो. तो चालू केला, लिमिट वाढवलं, परत मारलं, तर ओटीपी न मागताच पैसे गेले. भाऊचा चेहरा असा झाला की समुद्रात चप्पल गेली. परदेशी साइटवर ओटीपी मागतीलच असं नाही, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. आणि म्हणूनच काम झाल्यावर परदेशी वापर परत बंद करून ठेवायचा.

आणखी दोन गोष्टी बिलात दिसल्या ज्या साइटवरच्या आकड्यात दिसत नाहीत. एक, तिकिटावर साडेसहा टक्के सेल्स टॅक्स, तो शेवटच्या पानावर चढतो. दोन, आपल्या बँकेचं परदेशी चलनाचं मार्कअप म्हणजे वरचा आकार, भाऊच्या कार्डाचं साडेतीन टक्के आणि त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे धरून चाला की चार टक्क्यांच्या जरा वर. डॉलर तेव्हा ८४ रुपयांच्या आसपास. तात्यांना हिशोब पै पै लागतो म्हणून त्यांना वहीत फोड लिहून दिली. एजंटाने हेच केलं असतं तर कदाचित त्याच्याकडूनच घेतली असती तिकिटं.

आता माझी चूक. साइटवर दोनच रकाने, दहा आणि वरचे किती, तीन ते नऊचे किती. मी टाकलं चार आणि एक. बाबू नऊ वर्षांचा, मला माहीत होतं, तो रोज दुकानात येतो चॉकलेट मागायला. सप्टेंबरच्या शेवटी वहिनींनी स्टेटसला फोटो टाकला, केक, वर मेणबत्ती, एक आणि शून्य. मी बघून हार्टची खूण पाठवली आणि मग हात तसाच राहिला. तिकीट काढतानाचं वय धरत नाहीत, जाताना किती असेल ते धरतात. नोव्हेंबरमध्ये बाबू दहाचा.

भाऊ म्हणाला राहू दे रे, बारीक आहे, कोण विचारतंय. हे आपल्याकडचं एसटीचं लॉजिक, पाच वर्षांचा मुलगा सातवीत जाईपर्यंत पाचच वर्षांचा. पण पोराच्या पासपोर्टवर जन्मतारीख आहे आणि पोराला खोटं बोलायला लावून त्याला मिकी माऊस दाखवायला न्यायचं हे वहिनींना पटलं नाही, मलाही नाही. आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्या आणि मुलांच्या तिकिटात तिथे फार फरक नसतोच, अर्धं तिकीट वगैरे प्रकार नाही. पहिल्या दिवशी गेटबाहेर गेस्ट रिलेशन्स म्हणून खिडकी असते तिथे जाऊन फरक भरा असं सांगितलं. त्यांनी भरला, दहा मिनिटांचं काम. खिडकीवरच्या बाईंनी वर बाबूला वाढदिवसाचा बिल्ला दिला, महिना उलटून गेला होता तरी. तो बिल्ला अजून त्याच्या दप्तरावर आहे.

त्याच गेटवर तात्यांचा अंगठा अडला. म्हणजे बोट, पण आमच्याकडे अंगठाच म्हणतात. आयुष्यभर जांभा फोडलेला, आंब्याच्या चिकाने कातडी सोललेली, त्यांच्या बोटावर रेषा म्हणून शिल्लकच नाहीत. रेशन दुकानावर ईकेवायसीच्या वेळी पण असाच तमाशा, चार फेऱ्या, सगळी बोटं, पाण्याने धुऊन, तेल लावून. इथे पण तीनदा लाल झालं. मागे रांग. काकी हैराण. पण तिथे बोट नसेल चालत किंवा द्यायचं नसेल तर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. तात्यांनी खिशातून पासपोर्ट काढला, पोरगी हसली, गेले आत. मग पुढचे सगळे दिवस तात्यांनी बोट पुढे केलंच नाही, गेट दिसलं की लांबूनच पासपोर्ट वर, जणू मतदानाचं कार्ड.

पहिला दिवस अॅनिमल किंगडम. तिथे आशियाचा एक भाग आहे, आनंदपूर नावाचं खोटं गाव उभं केलेलं, भिंतींचे पोपडे, रंगवलेल्या पाट्या, वाघ. काकी म्हणे एवढे पैसे खर्चून पडकी भिंत बांधली, आमची तर फुकट पडली पावसात. बाबू एव्हरेस्ट नावाच्या रोलर कोस्टरच्या गाडीत दोनदा बसून आला, त्याला ४४ इंच उंची लागते, तिकिटाला वय आणि गाड्यांना उंची असे दोन वेगळे हिशोब आहेत तिथे. दुसरा दिवस सगळे झोपून.

तिसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम आणि तिथे घोळ झाला.

आमच्याकडे पहाटे साडेचार. फोन. भाऊ. तिकडे संध्याकाळचे सहा. "अरे हे आम्हाला बाहेर काढतायत!" मला काय कळेना. मागे अनाउन्समेंट ऐकू येत होती. तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅजिक किंगडममध्ये काही ठरावीक रात्री ख्रिसमसची पार्टी असते, तिचं तिकीट पूर्ण वेगळं, आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहानंतर थांबता येत नाही. किल्ल्यामागची आतषबाजी, जिच्यासाठी चिंगीला दुपारी मुद्दाम झोपवली होती, ती गेली. हे आधीच जाहीर असतं, त्यांच्या कॅलेंडरवर पार्क किती वाजता बंद ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मी बघितलं नव्हतं. दर बघितला, टॅक्स बघितला, मार्कअप बघितलं, पार्क बंद कधी होतं एवढं बघितलं नाही.

भाऊचं म्हणणं असं की आत्ताच्या आत्ता हॉपर करून घेऊ का, मोनोरेल पकडून एपकॉटला जातो, तिकडे रात्रीपर्यंत चालू आहे. ताईचा नवरा पण तेच म्हणत होता. तेवढ्या वेळात मी डोळे चोळत उठून बसलो आणि म्हटलं दोन मिनिटं थांब.

कारण हॉपर एका संध्याकाळीपुरतं मिळत नाही. जोडलं की अख्ख्या तिकिटाला जोडतात आणि पैसे पण अख्ख्या तिकिटाचेच. पाच जणांना हॉपर घेऊन एका रात्रीचे दोन तास एपकॉट, जे उद्या तसंही बघायचंच आहे, आणि आतषबाजी तर मिळणार नाहीच मॅजिक किंगडमची. त्यापेक्षा एक दिवस वाढवला तर? चाराचं पाच करायला बहुतेक वेळा हॉपरपेक्षा कमी पडतात, आणि त्यात अख्खा दिवस मिळतो, मॅजिक किंगडम पार्टी नसलेल्या दिवशी परत, आतषबाजीसकट. शिवाय मुदत सातची आठ दिवस होते.

"आणि पाचही जणांना नको," मी म्हटलं, "तात्या-काकी उद्या-परवा एखादा दिवस घरी बसणार आहेत का?"

बसणारच होते. काकींचे गुडघे बोलत होते. मग त्यांना अपग्रेड कशाला? तिकीट प्रत्येकाचं आपापलं असतं, एका घरातल्या सगळ्यांनी सारखंच घ्यायला पाहिजे असं नाही. तात्या-काकींनी हॉलिवूड स्टुडिओजच्या दिवशी घरी राहायचं, त्यांचा चौथा दिवस शिल्लक राहतो, तो मॅजिक किंगडमच्या दुसऱ्या फेरीला वापरायचा, एक पैसा वर नाही. दिवस वाढवायचा तो फक्त भाऊ, वहिनी आणि बाबूचा. फक्त ती दुसरी फेरी सातव्या दिवसाच्या आत व्हायला पाहिजे, कारण तात्या-काकींची मुदत सातच दिवस.

कॅलेंडर बघितलं, आता बघितलं मी बरोबर, सहावा दिवस पार्टी, सातवा साधा. सातवा पक्का केला.

चौथ्या दिवशी एपकॉट. तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे आहेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को असे. काकी पूर्ण गोल चालल्या, गुडघ्यांसकट, आणि शेवटी कॅनडा संपल्यावर विचारलं, "आपलो देश खंय?" नाही. भारताचा नाहीच. यावर काकी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाचव्या दिवशी तात्या-काकी घरी, चिंगी त्यांच्याजवळ, बाकीचे हॉलिवूड स्टुडिओजला. ह्याच दिवशी तिघांचा चौथा दिवस वापरून संपणार, म्हणजे निघायच्या आत खिडकीवर जाऊन पाचवा दिवस जोडायचा. मी सकाळी उठल्यावर मेसेज केला, जोडला का. उत्तर नाही. परत केला. सात वाजता, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ, वहिनींचा फोन, धापा टाकत. पार्किंगकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये बसले होते, बाबू झोपलेला, माझा मेसेज तेव्हा दिसला, उतरून परत गेटकडे धावले. खिडकी उघडी होती. तिथे भाऊचं कार्ड लिमिटने अडलं, कारण त्या दिवशी दुपारी बाबूला एक तलवार घेतलेली, तिची किंमत मी विचारली नाही. ताईने तिच्या कार्डावर भरले. तीन तिकिटं, चाराची पाच, जुने पैसे वळते, फरक आणि टॅक्स.

एक गोष्ट मध्ये राहिली, रांगेची. लायटनिंग लेन मल्टी पास म्हणून लांब रांग टाळायचा वेगळा पास असतो, जुलै २०२४ पासून ह्या नावाने आहे, त्याच्या आधी वेगळं नाव होतं, आणि फार आधी १९९९ पासून फास्टपास होता तो फुकट असायचा. हा पास माणशी, दिवसाला वेगळा, तिकिटाशी त्याचा संबंध नाही, तिकीट अपग्रेड केलं म्हणून तो मिळत नाही. डिस्नेच्या हॉटेलात न राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सातला बुकिंग उघडतं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी साडेपाच. ते मी दुकानातून करून दिलं फक्त मॅजिक किंगडमच्या पहिल्या फेरीसाठी, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर. भाऊचं मत, पैसे वसूल. तात्यांचं मत, रांगेत उभं राहायला मजा येते, माणसं बघायला मिळतात. तात्या कुणकेश्वराच्या जत्रेत वाढलेले, त्यांना आकाशपाळण्याचं तिकीट वेगळं, मौत का कुआँचं वेगळं, हेच नैसर्गिक वाटतं. गंमत म्हणजे डिस्नेतही सुरुवातीला असंच होतं, आत जायचं साडेतीन डॉलर आणि पाळण्यांसाठी ए पासून ई पर्यंत कुपनांची वही, ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले तीच बरी होती.

सातवा दिवस. सगळे आत, तात्या पासपोर्ट वर धरून. आतषबाजी झाली. व्हिडिओ आला माझ्याकडे, त्यात आतषबाजी तीन सेकंद आणि बाकी सगळा वेळ चिंगीचं रडणं, आवाजाला घाबरली ती.

परत आल्यावर तात्या वही घेऊन बसले दुकानात. एजंटाच्या कागदाप्रमाणे सहा माणसं गुणिले सहा म्हणजे ३६ दिवसांचे पैसे, वर हॉपर, वर वॉटर पार्क. प्रत्यक्षात तिघांचे पाच पाच म्हणजे १५ आणि दोघांचे चार चार म्हणजे ८, एकूण २३. हॉपर शून्य. वॉटर पार्कला कोणी पाऊलसुद्धा टाकलं नाही, देवगडची माणसं पाण्यात पडायला पैसे देणार आहेत होय. बाबूचा फरक आणि तिघांचा पाचवा दिवस हे दोन खर्च तिथे जाऊन झाले, त्यातला बाबूचा माझ्यामुळे वाढला असं नाही, तो द्यायचाच होता, पण खिडकीवरची धावपळ माझ्यामुळे. पार्टीची चूक मात्र पूर्ण माझी. तात्यांनी ती वहीत लाल पेनाने लिहिली आहे, माझ्या नावासकट.

हे पण लिहितो की सगळ्यांनी कमीच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. चाळिशीतलं जोडपं असेल, पोरं बारा-चौदाची, चालणारी, तर आधीच पाच-सहा दिवसांचं हॉपरसकट घेतलं तरी ते वापरून टाकतील. पण घरात साठीच्या वरचं माणूस आणि तीनच्या आसपासचं मूल असेल, तर तुम्ही घरून कितीही वेळापत्रक करा, तिथे गुडघे आणि झोप ठरवतात. अशा घराला छोटं तिकीट, थेट घेतलेलं, आणि अपग्रेडच्या खिडकीचा रस्ता माहीत असलेला एक माणूस.

माझी फी तात्यांनी एप्रिलमध्ये दिली, एक पेटी, पाच डझनची, पहिल्या तोडीची. पेटी ठेवून जाता जाता म्हणाले चल जरा रेशनवर, ईकेवायसी अडकलाहा परत. गेलो. मशीनवर बोट ठेवलं, लाल. दुसरं, लाल. तात्यांनी खिशात हात घातला आणि पासपोर्ट काढून दुकानदारासमोर धरला.

"अमेरिकेत चलता ह्या," तात्या म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "तात्यानू, बोट धुऊन येवा."